मालाच्या जागी माणूस

पेणकडून वडखळ नाक्याला येताना रस्त्याच्या कडेला ट्रक उभे असतात. त्यातला एक बंद बॉडीचा ट्रक मनात उभा करा. नवा कोरा नको. बरीच वर्षं माल वाहिलेला, पत्र्यावर कुठे कुठे पोचे आलेला, धरमतरच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने कडांना गंज चढलेला असा घ्या. आज त्याचं घर करायचं आहे. हातोडी नको, ग्राइंडर नको. जिथे बसला आहात तिथेच बसून, सावकाश करायचं आहे. व्हिडिओत हेच काम दहा मिनिटांत उरकतं आणि शेवटी खिडकीत तुळशीची कुंडी दिसते. आपल्याला घाई नाही.

डोळे मिटू नका. आधी आजूबाजूला नीट बघून घ्या. हा मुंबई-गोवा रस्ता, क्रमांक १७ चा होता तो ६६ झाला. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि इतकं रखडलं की ह्या नाक्यावरची कोंडी गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या एका अख्ख्या पिढीला पाठ झाली. इथून अलिबागचा फाटा फुटतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यातून पत्र्याची भलीमोठी गुंडाळी साखळदंडांनी बांधून ट्रेलर निघतात, एकेक गुंडाळी वीस-पंचवीस टनांची. पलीकडे दुकानांतून पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंडं टांगलेली. धूळ, डिझेल, तळणीचा वास. ह्यातलं काही बाजूला सारू नका. घर बांधताना आपण शेजार बघतो, आणि चाकावरच्या घराला शेजार रोज नवा असला तरी असतोच.

आता मागच्या डब्याकडे जाण्याआधी पुढे केबिनशी थांबा. आत डोकवा. ड्रायव्हरच्या पाठीमागे झोपायची फळी आहे, तिच्यावर चादर, उशाला घडी घातलेला शर्ट. काचेवर देवाची तसबीर, तिच्यापुढे विझलेली उदबत्ती. पंचा वाळत घातलेला. पाण्याचा कॅन. बाहेर चासीला लावलेल्या पेटीत स्टोव्ह, एक कढई, तिखट-मिठाचे डबे, कांदे. म्हणजे ह्या ट्रकमध्ये घर आधीपासून आहे. आपण येण्याच्या कितीतरी आधी इथे एक माणूस, कधी त्याच्यासोबत क्लीनर, महिन्यातले बरेच दिवस राहत आला आहे. त्याला कोणी हौशी भटक्या म्हटलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. हा ट्रक त्याआधीचा; इतकी वर्षं ड्रायव्हरने इंजिनाच्या उष्णतेशेजारी बसून आणि झोपून काढली.

त्याच्या वस्तूंकडे अजून थोडा वेळ बघा. प्रत्येक वस्तू एकेकटी. एक कढई, एक ताट, एक पंचा. कुठली वस्तू कुठे आहे हे त्याचा हात अंधारात सांगेल. हे बघून लगेच आपल्या घरातल्या पसाऱ्याची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. त्याच्याकडे एक कढई आहे ती साधेपणाच्या हौसेने नव्हे. दुसरी ठेवायला जागा नाही आणि बाकीचा संसार गावी आहे. हा फरक मनात राहू द्या. आपल्याला तो पुढे लागेल.

आता मागे या. दाराचा दांडा उचला, दोन्ही पल्ले उघडा आणि आत चढा. सतरा फूट लांब, सहा-साडेसहा फूट रुंद, सात फूट उंच. शंभर चौरस फुटांच्या थोडं वर. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात रायगड-रत्नागिरीहून आलेल्या माणसांची तीन तीन पिढ्यांची बिऱ्हाडं नांदली. तेव्हा जागा थोडी आहे ही तक्रार इथे फारशी चालणार नाही. पण चाळीला गॅलरी होती, जिना होता, खाली पटांगण होतं. झोपायला माणसं बाहेर जात. चाळीची खोली एवढीशी असूनही चालली ती ह्या बाहेरच्या जागेमुळे. ट्रकच्या खोलीला बाहेरची जागा कोणती असेल, एवढं विचारून पुढे चला.

आता जमिनीवर आडवे व्हा. आधी रुंदीत. डोकं एका पत्र्याला, पाय दुसऱ्याला. उंच माणसाला पाय मुडपावे लागतील. मग लांबीत झोपून बघा. पाय मोकळे होतात, पण चालायची वाट जाते. कूस बदलून बघा. थोडा वेळ तसेच पडून राहा, आणि आता कोणाला तरी बाहेरून दार लावायला सांगा.

दार लागलं. दांडा बाहेरून पडला.

इथे घाबरू नका, पण घाईने पुढेही जाऊ नका. मालाच्या डब्याचं दार बाहेरून उघडतं, आतून त्याला कडी नसते. ती लागतच नाही. सिमेंटच्या गोणीला, फ्रिजच्या खोक्याला आपणहून बाहेर यायचं नसतं. ट्रकचं घर करायला निघालेला माणूस बहुधा पलंग, ओटा, दिवे इथून सुरुवात करतो. मला वाटतं पहिलं काम आतल्या कडीचं आहे, दुसरं काम दुसऱ्या दाराचं. आग लागली, मागून कोणी येऊन भिडलं, तर एकच दार असलेल्या डब्यात बाकीच्या सगळ्या सोयी फोल आहेत. तेव्हा मनातल्या मनात आतून एक कडी बसवा. बाजूच्या पत्र्यात माणूस निघेल एवढं दार कापा. उघडून, लावून, परत उघडून बघा. आता श्वास जरा लांब येईल.

श्वासाकडेच लक्ष द्या. बाहेर सोडलेला प्रत्येक श्वास थोडं पाणी घेऊन जातो. जुलैतली वडखळची रात्र समजा, बाहेर पावसाची झड, सगळं बंद करून दोघं आत झोपलेली, झोपण्याआधी भात शिजवलेला. पहाटे पत्रा आतून घामेजतो. थेंब जमतात, ओघळतात, गादीखाली जातात, प्लायवूडच्या पाठीला बुरशी धरते. गळती शोधायला माणूस छपरावर चढतो आणि तिथे भोक नसतं, कारण ते पाणी त्याच्याच नाकातोंडातून आलेलं असतं. म्हणून पत्र्याला आतून फोमचा किंवा तत्सम थर हवा, छपराला हवा खेचणारा पंखा हवा, आणि तळाशीही एक झरोका उघडा हवा. खालचा झरोका विशेष लक्षात ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो; वरच्या खिडकीतून तो जात नाही.

मग मे महिना आणा. दुपारचा एक. पत्र्यावर तळहात टेकवा आणि लगेच उचला. छपराला पांढरा रंग, आत जाड थर, वाऱ्याची समोरासमोर दोन तोंडं, आणि झाडाची सावली. शेवटची गोष्ट बाजारात मिळत नाही. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, ती पुन्हा वाढेपर्यंत ह्या ट्रकचे पाटे गंजून गेलेले असतील.

आता पाणी. इथे बराच वेळ थांबायचं आहे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी बसवली की दीड माणूस कायमचा अंगावर घेतला. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर, असा हिशोब नगररचनेत धरतात. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले. तुमची टाकी शंभराची आणि माणसं दोन. सकाळपासून मोजत चला. दात घासताना किती. चहाचं भांडं किती. ताट आधी कागदाने पुसून मग धुतलं तर किती वाचलं. आंघोळ एका बादलीत, की अर्ध्या. आणि वापरलेलं पाणी कुठे गेलं? ते ट्रकखालच्या टाकीत साठतंय, त्यालाही वजन आहे, आणि ते रस्त्यावर सोडायचं नाही. शौचाचं तर अजून काढलंच नाही. तेही तुम्हीच, हाताने, कुठेतरी नीट नेऊन रिकामं करायचं आहे. सोसायटीच्या पाइपातून जे दिसेनासं होतं ते इथे डोळ्यांसमोर राहतं.

हे गणित अवघड वाटलं तर इथून पश्चिमेला, खारेपाटात नजर टाका. पेण तालुक्यातली ही खाडीकाठची गावं. पावसाळ्यात इथे पाण्याचा प्रलय, वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट. त्याच तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं. खारेपाटातल्या बाईला ताट कसं पुसून मग धुवायचं, तांदळाचं धुवण कशाला वापरायचं हे सांगावं लागत नाही. तिच्या घराला चाकं नाहीत, तरी हे सगळं ती करते. ट्रकमध्ये आपण जे शिकायला निघालो ते तिच्यावर लादलेलं आहे. हा विचार आला की मनातल्या ट्रकच्या भिंतीवर 'साधं जगणं' अशी पाटी लावायचा मोह होत असेल तर तो गिळा.

आता ट्रक चालू करा. हळू. डब्याखालचे पाटे काही टनांसाठी बनवलेले. तुमचं घर कितीही भरलं तरी तेवढं होत नाही. हलका ट्रक उसळतो. नाक्यावरच्या पहिल्या खड्ड्यात कपाटाची दारं उघडली, डबे खाली आले. जड वस्तू खाली, चाकांच्या आसपास, डावी-उजवीकडे सारख्या; बाकी सगळं बांधलेलं. मग आपल्या आजच्या घरात मनाने जा आणि एकेक कपाट उघडा. ह्यातलं काय काय बांधून न्याल? प्रत्येक वस्तू हातात धरा, तिचं वजन जाणवू द्या. पितळी पातेलं. आईचा सुपारीचा अडकित्ता. पुस्तकं, पुस्तकं भयंकर जड असतात. ठरवायची घाई नको. काही वस्तू हातातून खाली ठेववणार नाहीत, त्या तशाच धरून ठेवा.

हे काम पहिल्यांदा आपणच करतोय असं वाटत असेल तर पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांतल्या टुरिंग टॉकीज आठवा. जुन्या ट्रकच्या डब्यातच प्रोजेक्टर ठोकलेला, मागच्या तोंडातून उजेडाचा झोत तंबूतल्या पडद्यावर, आणि खेळ संपला की त्याच डब्यात, रिळांच्या पेट्यांशेजारी, माणसांची पथारी. अशाच तंबूंवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तमाशाचे फडही दसऱ्यानंतर कनाती, रंगमंच, पेट्या आणि कलावंत ट्रकमध्ये घालून निघतात, एका रात्रीत उभं केलेलं मोडून दुसऱ्या गावी जातात. इथून जवळ, रोहा तालुक्यातल्या कोलाडला तर १९९९ पासून भरलेले ट्रक कोकण रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतात. चारशेहून अधिक किलोमीटर ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसून असतो, इंजिन बंद, स्टिअरिंगला हात न लावता. बोगद्यामागून बोगदा, मध्येच नदी. त्या केबिनमध्ये दोन मिनिटं त्याच्या शेजारी बसा. त्याला बहुतेक झोप लागली असेल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात जी गाडी लिहिली आहे तिच्याशी विसंगत फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. मालवाहूचं निवासी वाहन करायचं तर आरटीओच्या संमतीने, आणि मालाच्या डब्यात माणसं बसवून निघणं ही त्यातली पळवाट नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. कागद तयार आहेत. खिडकीवरची रांग वेगळी.

संध्याकाळ झाली. आज ट्रक कुठे उभा करणार? पेट्रोल पंपावर, धाब्याच्या अंगणात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, की अलिबागच्या वाटेवर धरमतरचा पूल ओलांडून पोयनाडच्या पुढे कुणाच्या तरी शेताच्या बांधाशी? ह्यातली कुठलीच जागा तुमची नाही. प्रत्येक ठिकाणी उतरून कोणाला तरी विचारावं लागेल, आणि विचारताना तुम्ही कोण, कुठले, किती दिवस, हे सांगावं लागेल. बिनपत्त्याचा माणूस म्हणून हे सांगताना आवाज कसा निघतो ते ऐका. रेशनकार्ड, गॅस, मुलांची शाळा, सगळ्यांना पत्ता लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गाव सोडून जावं लागल्याने शाळेतून गळतात. तुमच्या ट्रकपुरता पत्ता म्हणजे नोंदणीपुस्तकावरचा, आणि तो बहुधा एखाद्या पक्क्या घराचाच असतो. ते घर विकून निघायचं की ठेवून, हे मात्र आज ठरवू नका.

पुढच्या केबिनमधून ड्रायव्हर उतरलाय, पंचा खांद्यावर टाकून. पाणी कुठे भरायचं, रात्री कुठे कोणी हटकत नाही, आंघोळीला कुठला पंप बरा, ह्या पट्ट्यातली ही माहिती त्याच्याइतकी कोणाकडे नसेल. खाली उतरा, त्याला चहा विचारा, आणि एकेक करून विचारत चला.