माळ विकणाऱ्याचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञ तो मीच, असे म्हटले आहे. सातव्या अध्यायात त्यांनी हे अखिल विश्व आपल्या ठायी, सूत्रात मणी ओवावेत तसे, ओवलेले आहे असा दृष्टांत दिला आहे. जपमाळ हाती घेणाऱ्या साधकाला या दोन्ही वचनांचे स्मरण एकाच वेळी व्हावे, अशी तिची घडण आहे. मणी दिसतात, सूत्र दिसत नाही. पण सूत्र तुटले की मणी विखुरतात.

ही माळ आपोआप साधकाच्या हाती येत नाही. कोणी तरी ती गुंफतो आणि कोणी तरी ती विकतो. पंढरपुरात काशीकापडी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करीत आली आहेत. मथुरा-वृंदावनाच्या परिसरातील जैंत गावीही घरोघर तुळशीचे मणी घडविले जातात. दिल्लीत चांदणी चौकातील गौरीशंकर मंदिर मराठा सरदार अप्पा गंगाधर यांनी अठराव्या शतकात बांधविले, असे सांगतात. तेथून जवळच दरिबा कलाँ ही चांदीच्या व्यापाराची जुनी गल्ली आहे. आता या व्यवसायास नवे दालन उघडले आहे. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथील लहान लहान घरांतूनही माळा तारेत गुंफल्या जातात आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे पाहून दूरदूरचे श्रद्धाळू त्या मागवून घेतात.

येथे पुष्कळांच्या मनात प्रश्न उभा राहतो की, जपाचे साधन विकून पोट भरावे काय? हा धर्माचा विक्रय तर नव्हे? याचे उत्तर शास्त्राने देऊन ठेविले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात व्यापारास स्वकर्मात स्थान आहे आणि स्वकर्माने परमेश्वराचे पूजन करणारा सिद्धी पावतो, असेही तेथेच सांगितले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्यास धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. तुलाधाराने काही घोर तप केले नव्हते; त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता, एवढेच. विकणे हा दोष नव्हे. दोष आहे तो विकताना बोललेल्या असत्यात.

आणि माळेच्या व्यापारात असत्यास वाव फार आहे. काच स्फटिक म्हणून खपते. कोरून मुखे वाढविलेला रुद्राक्ष दुर्मीळ म्हणून विकला जातो. इंडोनेशियातून आलेला रुद्राक्ष नेपाळचा म्हणून सांगितला जातो. पाण्यात बुडतो तोच खरा, ही कसोटीही विश्वसनीय नाही. मणी वाळलेला की ओला, भरीव की पोकळ, यावर त्याचे बुडणे अवलंबून असते. याहून मोठे असत्य म्हणजे, अमुक माळ घातल्यास खटला जिंकाल, तमुक माळेने व्याधी जाईल, असे वचन देणे. 2020 च्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने मालाचे खोटे वर्णन करू नये व तो कोणत्या देशातील आहे हे सांगावे, असे बंधन आहे. परंतु कायदा न पाहणाऱ्या ठिकाणीही जो पाहतो, त्याच्या नामाची ही माळ आहे.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. गाझियाबादेत राहणारी एक मराठी गृहिणी. पतीची मिळकत बेताची, मुलाच्या शिक्षणाचा खर्च वाढता. दुपारची कामे आटोपली की ती पक्कड आणि चांदीची तार घेऊन बसते. प्रत्येक मण्यातून तार ओवायची, दोन्ही टोकांस वळवून कडी करायची, कडीत कडी अडकवायची. तारेचे टोक बाहेर राहिले तर जप करणाऱ्याच्या बोटास टोचते, गोमुखीच्या कापडात अडकते. म्हणून प्रत्येक टोक ती आत दाबून अंगठ्याने चाचपून पाहते. अकरा माळांसाठी तिने मेरुमणी वेगळे ठेवून 1188 मणी थाळीत मोजून घेतले होते. सात माळा रवाना झाल्या. चार घरी राहिल्या. त्या रात्री थाळी उचलताना तळाशी तुळशीचा एक मणी उरलेला दिसला.

तिने घरातील चारही माळा मोजल्या. प्रत्येकीत 108 मणी भरले. म्हणजे गेलेल्या सातांपैकी एकीत 107 होते. कोणत्या, हे कळण्यास मार्ग नव्हता.

पती म्हणाला, “अगं, एका मण्याने काय होते? देव काय मणी मोजत बसतो? तो भाव पाहतो. आणि सातही जणांना कळविलेस, तर सातही जणांचा विश्वास उडेल.”

ती सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाई जप थांबवून म्हणाल्या, “देव भाव पाहतो हे खरे, बाबा. पण ते ज्याने जप केला त्याने म्हणावे. आपण एकशेआठांचे पैसे घेतले आहेत. सूनबाई, तुला काय वाटते?”

“आई, मी लिहिते सर्वांना,” ती म्हणाली, आणि त्याच रात्री तिने सातही जणांना कळविले की, आपण माळ मोजून पाहावी. उणी असल्यास दुसरी पाठवीन, खर्च माझा.

या प्रसंगातील मर्म सासूबाईंच्या वाक्यात आहे. भगवंत भावाचा भुकेला आहे, हे परम सत्य होय. एखाद्या वृद्धाची गणती चुकली, एखादा मणी निसटला, तरी त्याचे नाम व्यर्थ जात नाही. परंतु ही सवलत भक्ताच्या दुर्बलतेसाठी आहे. ती उचलून विक्रेत्याने आपल्या चुकीवर पांघरावयाची नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या बळावर आपली उणीव झाकणे म्हणजे त्या श्रद्धेचीच चोरी करणे होय. ज्याची श्रद्धा अधिक, तो मोजून पाहण्याची शक्यता कमी. म्हणून त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक.

प्रत्येक गृहस्थाने हा न्याय आपल्या व्यवसायास लावून पाहावा. शिक्षकाची तासिका, वैद्याची मात्रा, कारकुनाची नोंद, शिंप्याची शिवण ही सर्व माळेच्या मण्यांसारखीच आहेत. घेणारा ती बहुधा मोजत नाही, विश्वासाने घेतो. न मोजणाऱ्यास पुरते मोजून देणे, यातच स्वकर्माने होणारी ईश्वराची पूजा आहे. सकाळी आसनावर बसून केलेला जप आणि दिवसभर हाताने केलेले काम, या दोहोंतून सत्याचे एकच सूत्र गेले पाहिजे. ते मध्येच तुटले, तर सकाळच्या माळेचे मणी कितीही मौल्यवान असोत, ते विखुरलेलेच राहतात.

म्हणून आज रात्री निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपली थाळी एकदा पाहावी. दुसऱ्याच्या हक्काचा एखादा मणी तीत उरला असेल, तर तो ज्याचा त्यास पोहोचता करावा, आणि मगच भगवंताचे नाम घ्यावे.