जिंकणारा एक, धावणारे अनेक

शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील आमच्या वाचकांस सायकल म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. दुधाच्या किटल्या लावून पहाटे निघणारा गवळी आणि दप्तर अडकवून शाळेस जाणारी मुले ही आपल्या नित्य परिचयाची आहेत. परंतु अलीकडे रविवारच्या पहाटे आणखी एका प्रकारचे सायकलस्वार आपल्या रस्त्यांवर दिसू लागले आहेत. डोक्यास कडक टोप, अंगास घट्ट रंगीत कपडे, मान खाली घातलेली. कोणी आसनगावाकडून कसारा घाटाच्या दिशेने, तर कोणी मुरबाड-टोकावडे मार्गाने माळशेज घाटाच्या दिशेने, एकामागे एक अशी ओळ धरून निघून जातात.

अशाच एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एका तरुणाने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, परदेशात लोक नुसती सायकल चालवून पोट भरतात म्हणे. आणि एकाने जिंकावे म्हणून बाकीचे सात जण आपण मागे राहायचे असे आधीच ठरवून निघतात. हे खरे असेल तर ते सात जण मूर्ख म्हणावेत की साधू?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याने जे ऐकले होते ते खरे आहे. म्हणून प्रथम त्या धंद्याची हकिकत थोडक्यात सांगतो.

सायकलच्या शर्यतींत जगप्रसिद्ध अशी तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. ती तीन आठवडे चालते. तिचे २१ टप्पे असतात व सर्व मिळून सुमारे ३,३०० ते ३,५०० किलोमीटर अंतर, उंच पर्वतांचे घाट चढून उतरून, कापावे लागते. २०१८ सालापासून प्रत्येक संघात आठ गडी असतात. ह्या आठांत बहुधा एकच नायक असतो. बाकीचे वाऱ्यास तोंड देत त्याच्या पुढे चालतात. कारण पुढच्याच्या आडोशाने जो चालतो, त्याचे श्रम सुमारे एक तृतीयांशाने वाचतात. हे सोबती मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून नायकास देतात, आणि त्याची सायकल मोडली तर प्रसंगी आपली त्यास देतात. ह्याच कामाचा त्यांस पगार मिळतो. त्यांस फ्रेंच भाषेत 'दोमेस्तिक', म्हणजे घरगडी, असे म्हणतात. १९११ साली शर्यतीच्या चालकाने एका स्वाराचा अपमान करण्याकरिता हा शब्द वापरला होता. आज तेच त्या धंद्याचे मानाचे नाव झाले आहे.

आपल्या देशात केवळ शर्यतीवर उपजीविका करणारे फार थोडे. येथील चांगला स्वार बहुधा रेल्वे किंवा सैन्य ह्यांत नोकरी मिळवितो आणि त्यांच्या संघातून धावतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ सालापासूनची आहे. तीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास 'घाटांचा राजा' म्हणून गौरवितात. आपला कसारा घाट चढून गेले की नाशिक लागते. त्या नाशिकचे डॉक्टर बंधू, हितेंद्र व महेंद्र महाजन, ह्यांनी २०१५ साली अमेरिका खंड आडवे ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ होय. ह्यात एक भाऊ सायकल चालवी तेव्हा दुसरा विश्रांती घेई, आणि यश आले ते दोघांच्या नावावर आले. असा सारखा वाटा सर्वत्र मिळता तर आमच्या तरुणाचा प्रश्न उद्भवलाच नसता. परंतु जगात बहुधा श्रम अनेकांचे आणि नाव एकाचे असेच घडते.

ह्यासंबंधाने १९३४ सालच्या तूर द फ्रान्समधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या संघात रेने व्हिएतो नावाचा अवघ्या २० वर्षांचा मुलगा होता. डोंगर चढण्यात त्याचा हात धरणारा विरळा. संघाचा नायक होता आंतोनिन मॅग्न. पिरेनीज पर्वताच्या एका उतारावर मॅग्न पडला व त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्यास दिले. नायक निघून गेला, आणि हा पोरगा बिनचाकाची सायकल जवळ घेऊन रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर रडवेला होऊन बसला. पुढून जाणारे जात होते. मदतीची मोटार येत नव्हती. दुसऱ्याच दिवशी नायक पुन्हा अडचणीत आला. व्हिएतो तेव्हा पुढे होता. तो मागे वळला, उतरलेला चढ पुन्हा चढला आणि त्याने नायकाची अडचण दूर केली. मॅग्नने शर्यत जिंकली; व्हिएतो पाचवा आला. पुढे १९३९ साली तो दुसरा आला, पण तूर द फ्रान्स त्यास जन्मात कधी जिंकता आली नाही.

तर मग त्या मुलाचे श्रम वाया गेले काय? प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना (पहिले पत्र, ९ : २४) शर्यतीचाच दृष्टान्त घेतला आहे. धावणारे पुष्कळ असले तरी बक्षीस एकासच मिळते, हे जगाचे रहाटगाडगे त्यास ठाऊक होते. पण त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात तो मंडळीस एका शरीराची उपमा देतो आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक होत असे शिकवितो. ह्या दृष्टीने पाहता व्हिएतो हरला नाही. मॅग्नच्या विजयात तो होताच. आम्हीही पूर्वी एवढ्यावरच समाधान मानीत होतो.

परंतु एका भगिनीने आमचे हे समाधान मोडले. काही वर्षांपूर्वी कापणीच्या सणाच्या उपासनेत आम्ही व्हिएतोची ही गोष्ट सांगितली आणि मंडळीतील त्या भगिनीकडे बोट दाखवून म्हटले की, आपल्यातही असे स्वार्थत्यागी लोक आहेत. तिने आठवीत शाळा सोडली होती. भेंडी तोडण्याच्या मजुरीस जाऊन तिने धाकट्या भावाच्या शिक्षणास हातभार लावला होता, आणि तो भाऊ शहरात चांगल्या नोकरीस लागला होता. उपासनेनंतर ती हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, तुमच्या गोष्टीतल्या मुलाने चाक आपल्या हाताने काढून दिले. माझे मला न विचारता काढून घेतले. आणि भाऊ पुढे गेला तो गेलाच. मी कुठे बसले आहे हे बघायला त्याने मागे वळूनही पाहिले नाही."

आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. नंतर विचार करता आमच्या लक्षात आले की आमचे विवेचन अपुरे होते. त्यागाची स्तुती करणे सोपे, विशेषतः तो दुसऱ्याने केलेला असला म्हणजे. ती स्तुती कित्येकदा घेणाऱ्याच्या सोयीची असते. देणाऱ्याचे तोंड तिने गोड करून बंद करिता येते. म्हणून सेवा व अन्याय ह्यांतील भेद नीट पारखून घेतला पाहिजे.

पहिली कसोटी ही की, जे दिले ते स्वखुशीने दिले काय? आपल्या प्रभूनेही योहानाच्या शुभवर्तमानात (१० : १८) हे स्पष्ट केले आहे की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नसून तो स्वतः होऊन देत आहे. वधस्तंभासंबंधी बोलतानाही ज्याने हा भेद राखला, त्याच्या नावाने आपण एखाद्या मुलीची शाळा तिला न विचारता बंद करू आणि त्यास त्याग म्हणू, तर ते खोटे बोलणे होय.

दुसरी कसोटी ही की, घेणाऱ्याने ऋण ओळखले काय? सायकलच्या धंद्यात एक चांगली चाल आहे. जिंकणारा आपल्या बक्षिसाची रक्कम संघातील सोबत्यांत वाटतो. जे केवळ पैशाकरिता धावतात असे आपण म्हणतो, त्यांस जर एवढे कळते, तर ज्या भावास बहिणीच्या मजुरीवर पदवी मिळाली, त्यास ते कळू नये काय?

तिसरी कसोटी सदसद्विवेकाची. चाक द्यावे, पाणी द्यावे, श्रम द्यावेत. पण अंतःकरण विकू नये. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्रॉंग १९९९ पासून २००५ पर्यंत सलग सात वेळा तूर द फ्रान्स जिंकला. २०१२ साली ते सातही विजय रद्द झाले, आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे स्वतः कबूल केले. चौकशीत त्याच्या ११ जुन्या सोबत्यांनी साक्ष दिली. त्यांपैकी कित्येकांनी नायकासोबत स्वतःही ती द्रव्ये घेतली होती. त्यांनी आपल्या नायकास चाकापेक्षा फार मोठी वस्तू देऊन टाकली होती. जो मालक, पुढारी किंवा धर्मसेवकही आपल्याकडून खोटेपणा मागतो, त्याची चाकरी तेथेच सोडावी.

वाचकहो, हा प्रश्न एकेका घरापुरता नाही. आपला सबंध शहापूर तालुकाच पाणी वाहणारा गडी आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण ह्याच तालुक्यात आहे, आणि मुंबईस सर्वांत अधिक पाणी पुरविणारे भातसाही येथलेच. मुंबई हे पाणी पिऊन धावते. आणि उन्हाळ्यात ह्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांतल्या स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. त्यांस कोणी त्यागमूर्ती म्हणावे अशी त्यांची इच्छा नाही. त्यांस पाणी हवे आहे. जे न विचारता घेतले गेले, त्याची भरपाई स्तुतीने होत नाही, न्यायाने होते. तो न्याय मागणे ही आपली सेवाच आहे, कुरकुर नव्हे.

आता आमच्या तरुण मित्रास उत्तर देतो. ते सात जण मूर्ख नव्हेत. त्यांनी आपले काम समजून उमजून पत्करले आहे, त्याचा मोबदला त्यांस मिळतो, आणि दुसऱ्याच्या यशात आनंद मानण्याची विद्या ते शिकले आहेत. ही विद्या ख्रिस्ती मनुष्याने अवश्य शिकावी. कारण आपला प्रभू दासाचे रूप घेऊन आला व त्याने शिष्यांचे पाय धुतले. पण ही विद्या प्रत्येकाने आधी स्वतः आचरावी, दुसऱ्यावर लादू नये. आणि दैवयोगाने आपण जिंकणाऱ्याच्या जागी असलो, तर भिंतीपाशी कोण बसले आहे हे पाहण्यास मागे वळावे.

त्या भगिनीस आम्ही पुढे भेटून क्षमा मागितली. तिच्या भावासही पत्र लिहिले. त्याने काय केले हे त्या दोघांचे खासगी आहे. मंडळीत मात्र आम्ही एक नियम केला आहे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव उपासनेत वाचताना, त्यासाठी घरात कोणी काय सोडले, हे आम्ही आधी घरच्यांस विचारितो. आणि जे सोडले त्यापैकी काही परत देता येण्याजोगे असल्यास, त्याची व्यवस्था करण्याचा भार मंडळी आपल्यावर घेते. इतर मंडळ्यांनीही हे करून पाहावे अशी आमची विनंती आहे.

देणाऱ्यास खुशीने देण्याचे आणि घेणाऱ्यास ऋण फेडण्याचे सामर्थ्य प्रभू आपणां सर्वांस देवो.