अंबर अत्तराला वेळ द्या

थंडी पडू लागली की अत्तराच्या दुकानात उष्ण, मसालेदार वासांच्या कुप्या पुढे येतात. त्यांतलाच एक अंबर. नाव ऐकून पुष्कळांना व्हेल माशाच्या पोटातला अंबर आठवतो. पण आज या नावाने मिळणाऱ्या बहुतेक अत्तरांचा त्याच्याशी संबंध नसतो. उलट, कोणी अस्सल माशाचा अंबर म्हणून काही देऊ केले तर दूरच राहावे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे. कोकण किनाऱ्यावर तो जप्त झाल्याच्या बातम्या येतच असतात. अत्तरातला अंबर हा जुळवलेला वास आहे. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या पानांवरचा चिकट डिंक म्हणजे लॅबडॅनम, त्यात लोबान, त्यात व्हॅनिलाचा गोडवा, आणि वर दालचिनी, लवंग, वेलदोडा. हे अत्तर सावकाश निवडावे आणि थोडेच लावावे, असे मला वाटते.

सावकाश का, तर या अत्तराचा स्वभावच संथ आहे. सुगंधी द्रव्ये एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पंधरा-वीस मिनिटांत विरतात, मसाले थोडे अधिक टिकतात, आणि लॅबडॅनम, लोबान, व्हॅनिला हे जड घटक कित्येक तास अंगावर राहतात. दुकानात कागदाच्या पट्टीवर आपण हुंगतो ते फक्त पहिले पान, आणि दिवसभर सोबत राहायचे असते ते शेवटचे. शिवाय कागदाला शरीराची ऊब नसते. तेच अत्तर कोरड्या त्वचेवर लवकर उडते, तेलकट त्वचेवर जास्त टिकते. म्हणून मनगटावर एक थेंब लावून घ्यावा, बाहेर पडावे, आणि चार-पाच तासांनी उरलेला वास आवडला तरच पैसे मोजावेत.

कोणी म्हणेल, हे सारे थंड देशांतल्या लोकांचे. आपल्या उकाड्यात असला जड वास कशाला? उकाड्यात नको, हे मान्य. पण हा वास परका आहे, हे मान्य नाही. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला शमामा नावाचे अत्तर पिढ्यान्‌पिढ्या काढतात. तांब्याच्या देगीत मसाले, मुळ्या, वनस्पती शिजतात, त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. त्यात जायपत्री, लवंग, जटामांसी, नागरमोथा असतो, आणि दगडफूलही असते. हेच दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यात पडते. नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात असतो. मराठी नाकाला ही ऊब लहानपणापासून ओळखीची आहे. आणि ऋतूचे म्हणाल, तर तो हिशेब जुन्या शौकिनांनी केव्हाच मांडून ठेवला आहे: उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, थंडीत हिना आणि शमामा. मे महिन्यात अंबर लावून घामाघूम होणाऱ्याने अत्तराला दोष देऊ नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एवढे पैसे मोजायचे तर वास घमघमायला नको का? इथे आपले नाकच आपल्याला फसवते. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणे सोडते. लावणाऱ्याला वाटते, वास गेला. तो आणखी दोन फवारे मारतो, आणि लोकलच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव गुदमरतो. काहींना तीव्र सुगंधाने डोके दुखते, दम्याच्या रुग्णाला धापही लागू शकते. हा त्रास खरा आहे आणि त्यापुढे आपल्या हौसेने दोन पावले मागे सरावे. पूर्वी कानात अत्तराचा एवढासा फाया ठेवत. जवळ येणाऱ्यालाच वास यावा, इतके ते प्रमाण नेमके होते. फवाऱ्याची बाटली असेल तर एकच फवारा, तोही कपड्यांच्या आत, छातीवर. दवाखान्यात किंवा आजारी माणसाला भेटायला जाताना तर काहीच नको.

यंदाच्या थंडीत अंबर घ्यायचे मनात असेल, तर आधी अगदी लहान कुपी घ्या, आठवडाभर वापरा, आणि मोठी बाटली घेण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. तुमच्या नाकाला सवय झालेली असेल, त्यांच्या नाही.