प्रश्न घरचा, हत्यार शाळेचं

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात ओरगडम आहे. चाकणच्या माणसाला ते फार समजावून सांगावं लागत नाही. २०१० मध्ये इथे रेनो-निस्सानचा कारखाना सुरू झाला, २०१२ मध्ये डेमलरचा ट्रकचा, २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डचा. त्यांच्याभोवती टायर आणि सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या. पाळ्या, कंपनीच्या बस, भाड्याची घरं, डबे. इथल्या पोरांच्या घरातच कुणी ना कुणी यंत्राशी बोलणारं असतं.

वाहन उद्योगात ‘कायझेन’ची पद्धत चांगली रुळली आहे. साधा कागद, मधोमध रेघ. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. नट घ्यायला दर वेळी चार पावलं जावं लागत होतं, पेटी हाताशी आणली, चार पावलं वाचली. एवढंच. पण ही सुधारणा वरून आलेली नसते. जो रोज ती चार पावलं चालतो त्यालाच ती सुचते. नवनिर्मितीची याहून सोपी आणि खरी व्याख्या मला ठाऊक नाही.

आता हाच माणूस पालकसभेला येतो तेव्हा काय होतं? तो मागच्या बाकावर बसतो, गुणपत्रिकेवर सही करतो, फीची तारीख ऐकून घरी जातो. तो परप्रांतातून आलेला असेल, तमिळ आणि इंग्रजी दोन्ही बेताचं असेल, तर तोंडही उघडत नाही. कारखाना ज्याला त्याची कल्पना विचारतो, त्याला शाळा फक्त सही विचारते. मुलगा हे बघत असतो. बाबांचं काम आणि आपला अभ्यास यांचा काही संबंध नाही, हे तो न शिकवता शिकतो.

आपण ‘पालकांचा सहभाग’ म्हणतो तो बहुतेक वेळा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दिसतो. थर्माकोल, फेव्हिकॉल, रंग. रात्री बारापर्यंत आई-बाबा ज्वालामुखी बनवतात आणि मूल झोपलेलं असतं. सकाळी बक्षीस मुलाला मिळतं. हा सहभाग नव्हे, हे मुलाच्या हातातून काम काढून घेणं झालं. पालकांनी उत्तर देऊ नये. त्यांच्याजवळ त्याहून मोलाची गोष्ट आहे : खरा प्रश्न.

तमिळनाडूतच तिरुवण्णामलैची विनिशा उमाशंकर ही शाळकरी मुलगी. गल्लीतला इस्त्रीवाला कोळसा पेटवतो, वापरून झालेला फेकून देतो, हे तिने पाहिलं. अशा किती गाड्या, दिवसाला किती कोळसा, किती झाडं, असा तिचा विचार पुढे गेला आणि सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तिने आखली : पाच तास चांगलं ऊन मिळालं की सहा तास इस्त्री. २०२१ मध्ये ती अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. तिचा प्रश्न पाठ्यपुस्तकातला नव्हता, दारासमोरचा होता.

असे प्रश्न घराघरांत आहेत. पुण्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून चादरीत गुंडाळून ठेवणारी आई ओरगडमला येते आणि मे महिन्यात सकाळी पीठ पातेल्याबाहेर आलेलं बघते. का? काचेची बरणी, पट्टी आणि तापमापक द्या. दर तासाला पीठ किती चढलं ते मुलांना लिहू द्या. जिवाणू, तापमान, आलेख, सगळं त्या बरणीत आहे. आणि या तासाला आई पाहुणी नसते, तज्ज्ञ असते.

हे आपल्याकडे घडलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलं आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून उभ्या राहिलेल्या अभ्यासक्रमात शाळेची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात : वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. कामही गावाच्या उपयोगाचं. फाटक दुरुस्त झालं की गाव त्याचे पैसे देतं, नीट झालं नाही तर तोंडावर सांगतं. यापेक्षा कडक परीक्षक कुठे मिळणार? २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, तीही गावाच्या गरजांसाठी.

कायदाही आडवा येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, आणि एकूण निम्म्या जागांवर स्त्रिया. तमिळनाडूने २०२१ मध्ये ‘इल्लम् तेडी कल्वी’, म्हणजे घराच्या शोधात शिक्षण, ही योजना आणली. कोरोनात मागे पडलेल्या मुलांना स्वयंसेवकांनी वस्तीतच शिकवलं. शाळा घरी जाऊ शकते, तर घरही शाळेत यायला हवं.

अडचण वेळेची आहे, हे मान्य. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाची सभा परवडत नाही. मग सभा पाळी बघून ठेवा. आणि वर्गावर बोलवा तेही वर्षातून एकदा, एकच तास, एकच पालक. भाषण नको, हत्यार घेऊन या : गवंड्याने ओळंबा आणावा, शिवणकाम करणाऱ्या आईने टेप, फिटरने व्हर्निअर. भाषा अडली तरी हात अडत नाहीत.

शिक्षकांनी भिंतीवर एक कोरा कागद लावावा, मधोमध रेघ ओढावी. ‘आधी’च्या बाजूला मुलांनी घरची अडचण लिहावी, ‘नंतर’ची बाजू वर्षभर रिकामी राहिली तरी चालेल. आणि पालकांनो, आज रात्री मुलाला गृहपाठ झाला का, हे विचारण्याआधी आपल्या कामात आज काय अडलं, ते त्याला सांगा.