‘फॉर’ या शब्दाचा हिशेब

इंग्रजी भाषेंतील ‘फॉर’ हा शब्द दिसण्यांत केवढा लहान! परंतु त्याच्या पोटांत आमचे ‘साठीं’, ‘ऐवजीं’, ‘बद्दल’, ‘तर्फे’ असे अनेक शब्द सुखानें नांदतात. मोल्सवर्थनें आरंभिलेला व कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. परंतु कोणत्याहि कोशाचें या शब्दाला एकच प्रतिशब्द देऊन भागणार नाहीं. शाळेंत ही अडचण व्याकरणाची मानतात. आम्हांस ती नीतीचीहि वाटते.

जुन्नर तालुक्यांतील ओतूरचा कांदा-बाजार घ्या. शेतकरी माल आणतो, लिलाव होतो, अडत्या तो विकून देतो. इंग्रज म्हणेल, हा त्याच्या‘फॉर’ विकतो. मराठी माणसास मात्र थांबून विचारावें लागतें: शेतकऱ्यासाठीं, शेतकऱ्याऐवजीं, कीं अडतीसाठीं? पहिल्यांत हित आहे, दुसऱ्यांत केवळ जागा आहे, तिसऱ्यांत मोबदला आहे. एकच मनुष्य प्रामाणिकपणें तिन्ही नातीं सांभाळूं शकतो. परंतु तीं तीन आहेत हें विसरतां कामा नये.

२०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें फळें, भाजीपाला व कांदा-बटाटा यांची अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. शेतकऱ्याच्या माथ्यावरील भार उतरला, हें इष्टच झालें. तरीहि मोबदला एकाचा आणि हित दुसऱ्याचें, अशा वेळीं मन कोणाकडे झुकावें? पैसे कोणी द्यावे हें कायदा ठरवील. ‘साठीं’ हा भाव त्याला उत्पन्न करतां येत नाहीं.

मग खरा ‘साठीं’ ओळखावा कसा? आमच्या मतें कसोटी सोपी आहे. ज्याच्या जागीं आपण उभे राहिलों, त्यास आधीं विचारलें काय, आणि मागाहून हिशेब दाखविला काय? उघडा लिलाव आणि हातीं पडणारी हिशेबपट्टी यांचें मोल एवढ्याचसाठीं आहे. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान दिलें, त्याचेंहि मर्म हेंच: गावाऐवजीं बोलणाऱ्यानें गावापुढें उभें राहावें.

ही कसोटी आम्हीं सुशिक्षितांनीं प्रथम आपल्या घरांत लावावी. मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न, वृद्ध आईचा मुक्काम, सारें आपण ‘त्यांच्यासाठीं’ ठरवितों. प्रेम खोटें नसतें. पण ज्यास विचारलेंच नाहीं, त्याच्यासाठीं नव्हे, त्याच्याऐवजीं आपण निर्णय घेतलेला असतो.