आपण काय पाहतो?

(शास्त्रपाठ : मार्क १२:३८ ते १३:२)

गड पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम विचारतो, "हा कोणी बांधला?" बेळगावहून रामनगर, जोयडा व अणशी घाट या मार्गाने आम्ही कारवारजवळील सदाशिवगडावर गेलो, तेव्हा आम्हीही तेच विचारले. उत्तर सहज मिळाले. सोंद्याचा राजा बसवलिंग याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काळी नदीच्या मुखाशी हा गड बांधला व त्यास आपल्या पित्याचे नाव दिले. १७५२ साली तो पोर्तुगिजांनी घेतला, पुढे हैदर अलीने. आज ते राज्य नाही, पण नाव उरले आहे.

याच काळी नदीचा उगम जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ आहे. गणेशगुडी येथे १९८७ मध्ये पूर्ण झालेले १०१ मीटर उंचीचे धरण तिला अडविते. त्या पाण्याखाली सुपा हे गाव गेले. पूर्वी तालुक्यास त्याचेच नाव होते. तेथील पुष्कळ कुटुंबे रामनगरात वसविण्यात आली. जाताना आम्ही रामनगरात चहा घेतला होता, पण तेथे आम्ही कोणास काहीच विचारले नव्हते.

प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून एका गरीब विधवेची दोन नाणी पाहतो. लगेच बाहेर पडताना शिष्य त्याला काय दाखवितात? मंदिराचे भव्य दगड! ती विधवा अजून अंगणाबाहेरही गेली नसेल.

सुप्याच्या लोकांस त्या विधवेच्या ओळीत बसवून त्यांच्या 'त्यागा'ची स्तुती करणे सोपे आहे. परंतु येथे जपावे. विधवेने आपण होऊन दिले. यांना घर सोडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. जे घेतले, त्यास दिले म्हणणे हा खोटेपणा होय. विधवेच्या गोष्टीपूर्वीच प्रभूने लांबलचक प्रार्थना करणाऱ्या, पण विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी इशारा दिला आहे, हे आपण विसरू नये. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. वीज सर्वांस हवी, आम्हांसही हवी. म्हणूनच तिची किंमत कोणी भरली हे न विचारण्याची मोकळीक आम्हांस नाही.

परतताना आम्ही त्याच चहाच्या दुकानी थांबलो. "काका, आपले मूळ गाव कोणते?" वृद्ध दुकानदाराने हातातला कप खाली ठेवला. अर्धा तास ते आपले घर, परसातला फणस आणि शेजारी यांविषयी बोलत राहिले. त्यांनी आमच्याजवळ काहीही मागितले नाही. निघताना मात्र म्हणाले, "पुन्हा आलात तर थांबा."

प्रिय वाचकहो, गड अवश्य पाहावेत. परंतु वाटेत कोणाचे घर बुडाले आहे, हे पाहण्याची दृष्टी प्रभूने आपणांस द्यावी.