प्रकाश आणि निवाडा

प्रकाश म्हणजे कृपा आणि अंधार म्हणजे पाप, हे समीकरण बरोक धर्मचित्रांच्या आस्वादात बहुधा गृहीत धरले जाते. काराव्हाज्जोचे ‘संत पीटरचे क्रूसारोहण’ (सुमारे १६०१, सांता मारिया देल पोपोलो, रोम) या समीकरणात बसत नाही. येथे देवदूत नाहीत, उघडलेला स्वर्ग नाही. उलट्या क्रुसावर खिळलेला वृद्ध पीटर आणि तो क्रूस उचलणारे तिघे, एवढेच. प्रकाश पीटरच्या छातीवर पडतो, तसाच ओणव्या मारेकऱ्याच्या पाठीवर आणि मळक्या तळव्यांवरही. तो संत आणि मारेकरी असा भेद करीत नाही. भेद आहे तो चेहऱ्यांचा. पीटर मान उचलून पाहतो आहे. मारेकऱ्यांचे चेहरे सावलीत वा पाठमोरे आहेत. त्यांच्या देहांत द्वेष दिसत नाही, दिसते ती केवळ ओझे पेलण्याची मेहनत. दुष्कृत्य येथे नेमून दिलेले काम म्हणून घडते. मग त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? प्रतीकाचा अर्थ ठरीव मानणारे वाचन हा निवाडा प्रकाशावर सोपवते आणि प्रेक्षकाला मोकळे करते. हे चित्र ती मुभा देत नाही.